स्पॉन्सर व्हिसा: हक्क कुणाचा, काम कुणाचं?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला दोन वेगवेगळ्या मुलांनी विचारला. एक मालेगावचा, बी.एस्सी. होऊन दोन वर्षं नोकरी शोधणारा. "सर, ते कॅनडाचं कम्युनिटी स्पॉन्सरवालं आहे ना, मुस्लिमांना देतात म्हणे. एजंट साडेतीन लाख मागतोय. भरू का?" दुसरी मूळची हेरातची. पुण्यात एम.ए. झालं, कोंढव्यात तिघींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते, मागे जाण्याची सोय उरलेली नाही. तिनेही तेच ऐकलं होतं, की तिकडचा एखादा गट आपल्याला स्पॉन्सर करू शकतो, आणि अर्ज कुठे करायचा हे तिला हवं होतं. पहिल्याला मी म्हटलं, एक रुपया भरू नकोस, हा व्हिसा तुझ्यासाठी नाहीच. दुसरीला म्हटलं, तुझ्यासाठी असू शकतो, कागद घेऊन ये. ही दोन उत्तरं वेगळी का, हे आपल्या तरुणांना नीट माहीत नाही, आणि त्या अज्ञानावर काही लोकांचं दुकान चाललं आहे.

हा व्हिसा आहे तरी काय? एखाद्या देशातले साधे नागरिक एकत्र येऊन सरकारला लिहून देतात की अमुक निर्वासित कुटुंबाला आमच्या गावात येऊ द्या, पहिल्या वर्षाची जबाबदारी आमची. कॅनडाने याची तरतूद १९७६ च्या इमिग्रेशन कायद्यात केली, तो कायदा १९७८ मध्ये लागू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून माणसं मोडक्या होड्यांत बसून समुद्रात निघत होती. १९७९-८० या दोन वर्षांत असे ६०,००० निर्वासित कॅनडात पोहोचले आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना सरकारने नव्हे, तर चर्चच्या मंडळींनी, शेजाऱ्यांच्या आणि मित्रांच्या गटांनी बोलावून घेतलं होतं. सरकारशी पहिला करार केला तो मेनोनाइट या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेने. या पंथातली हजारो कुटुंबं १९२० च्या दशकात स्वतः रशियातून जीव वाचवून कॅनडात आली होती. १९८६ मध्ये निर्वासितांसाठीच्या कामाचं नान्सेन पदक संयुक्त राष्ट्रसंघाने 'कॅनडाच्या जनतेला' दिलं. एका अख्ख्या देशाच्या लोकांना ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून आजवर या वाटेने ३ लाखांहून जास्त माणसं तिथे वसली आहेत.

जबाबदारी म्हणजे नुसती सही नव्हे. बारा महिने घरभाडं, किराणा, थंडीचे कपडे, गादी-भांडी. मुलांना शाळेत घालणं, डॉक्टर शोधून देणं, बसचं तिकीट कसं काढायचं ते दाखवणं, इंग्रजी किंवा फ्रेंचच्या वर्गाला नाव नोंदवणं. सरकारने प्रायोजकांसाठी दिलेल्या तक्त्यात अनेक वर्षं एका माणसाला निदान १६,५०० कॅनेडियन डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला २८,७०० असा पहिल्या वर्षाचा हिशेब धरलेला होता. ही रक्कम प्रायोजकांनी उभी करायची. आणि एक नियम असा की असे आलेले लोक सरकार स्वतः आणत असलेल्या निर्वासितांच्या वरचे असले पाहिजेत. म्हणजे नागरिकांनी केलं म्हणून सरकारने आपला हात आखडता घ्यायचा नाही. निदान तत्त्व तरी तसं आहे.

आता पैशाचं बोलू, कारण फसवणूक तिथेच होते. कॅनडाच्या या योजनेत निर्वासिताकडून अर्जाची सरकारी फी घेतली जात नाही. प्रायोजकाने अर्ज भरण्याच्या बदल्यात निर्वासिताकडून पैसे घेणं नियमानेच मना आहे. विमानाच्या तिकिटासाठी कर्ज मिळतं, ते नंतर हप्त्यांनी फेडायचं असतं, आणि २०१८ पासून त्यावर व्याज नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयात, ज्याला सगळे यूएनएचसीआर म्हणतात, नोंदणीपासून मुलाखतीपर्यंत सगळं फुकट आहे. मग साडेतीन लाख कशाचे? ते एजंटच्या खिशाचे. 'स्पॉन्सर मिळवून देतो' म्हणून पैसे मागणारा माणूस या योजनेच्या मुळावरच उठलेला असतो, मग त्याचं ऑफिस कितीही चकाचक असो आणि भिंतीवर कोणतीही आयत टांगलेली असो.

ऑस्ट्रेलियाचं गणित निराळं आहे हेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी तिकडचा कागद दाखवून मला खोटं पाडेल. तिथल्या २०१७ पासूनच्या कम्युनिटी सपोर्ट प्रोग्रॅममध्ये सरकारच हजारो डॉलरची व्हिसा फी घेतं, आणि अर्जदार १८ ते ५० वयाचा, कामापुरती इंग्रजी येणारा, लगेच नोकरीला लागू शकेल असा लागतो. मला ही योजना पटत नाही. ज्याला खरी गरज, तो म्हातारा असतो, आजारी असतो, निरक्षर विधवा असते. कामाला येईल तोच निर्वासित निवडायचा असेल तर त्याला कामगारभरती म्हणावं, मानवतावादी म्हणू नये.

मग मालेगावच्या त्या मुलाला मी 'नाही' का म्हटलं? कारण ही योजना आपल्या देशाच्या बाहेर असलेल्या, आणि परत गेलं तर छळ होईल अशी साधार भीती असलेल्या माणसासाठी आहे. तो आपल्या देशात आहे. त्याच्याकडे आधार आहे, मतदार ओळखपत्र आहे, रेशनकार्ड आहे. पूर्वी कॅनडात काही ठरावीक देशांतल्या लोकांना स्वतःच्याच देशात राहून अर्ज करता येई, पण तो वर्ग २०११ मध्ये रद्द झाला. भारतात बसून भारतीय नागरिकाने स्पॉन्सर व्हिसाचा अर्ज करायचा, ही गोष्टच अस्तित्वात नाही.

तरी एजंटकडे याचंही उत्तर तयार असतं. आधी टुरिस्ट नाहीतर स्टुडंट व्हिसावर जा, तिथे उतरलास की सांग, मी मुस्लिम आहे, माझा छळ होतो. एखादा बनावट एफआयआर आम्ही करून देतो. हे ऐकून काही मुलं थबकतात, काही विचारात पडतात. सालं खोटं तरी काय आहे त्यात? घर भाड्याने मिळत नाही, नाव ऐकून मुलाखतीत चेहरे बदलतात, बुलडोझर आपण टीव्हीवर पाहिलेत. ही वेदना खरी आहे आणि तिच्याबद्दल या पानांवर आपण सतत लिहितो. पण खऱ्या वेदनेला खोटा एफआयआर जोडला की काय होतं? उद्या आपल्यातल्याच एखाद्यावर खरोखर जिवाची वेळ आली, आणि ती येऊ शकते, तर त्याच्या खऱ्या कागदाकडेही अधिकारी संशयाने पाहील. आश्रय मागण्याचा त्याचा हक्क मी नाकारत नाही. तो हक्क टिकावा म्हणूनच त्याची बाजारात विक्री होऊ नये. शिवाय इथे लढण्यासाठी आपल्याकडे मत आहे, कोर्ट आहे, माहितीचा अधिकार आहे. हेरातच्या त्या मुलीकडे यातलं एकही नाही.

तिच्यासारखे किती जण आपल्या शेजारी राहतात याची आपल्याला कल्पना नसते. अफगाण विद्यार्थी पुण्यात कितीतरी वर्षांपासून येत आले, बरेचसे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. फर्ग्युसन रोडवर, कॅम्पात, कोंढव्यात ते सहज दिसत. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हातात गेलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कोरोनात घरी गेलेले तिकडेच अडकले, कारण त्याच महिन्यात भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द केले. जे इथे होते त्यांचं पुढे काय, याला उत्तर नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली. म्हणजे पुण्यात पदवी घेतलेली मुलगी परत गेली, तर ज्या विद्यापीठात ती शिकवू शकली असती त्याच्या दारातूनही तिला आत जाता येणार नाही. हजारा आणि शिया असलेल्यांची भीती आणखी वेगळी. काबूल पडलं तेव्हा आपल्यातल्या काही जणांनी व्हॉट्सअॅपवर मुबारकबाद पाठवली होती. त्यांनी या मुलींपैकी एकीच्या समोर बसून चहा प्यावा, एवढंच म्हणतो.

शिकायला आलेला माणूस निर्वासित कसा होईल, असा प्रश्न पडेल. होऊ शकतो. बाहेर पडताना छळ नव्हता, पण मागे देश बदलला आणि आता परत जाणं धोक्याचं झालं, तर तोही कायद्याने निर्वासित ठरू शकतो. आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट आहे.

भारताने मात्र १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. इथे आलेला परकीय, मग तो पर्यटक असो वा जीव वाचवून आलेला, परकीयांच्याच कायद्यात मोजला जातो. अफगाण आणि म्यानमारच्या लोकांची नोंदणी यूएनएचसीआर दिल्लीत करतं. ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही, कायमचा मुक्काम नाही, नोकरीचा परवानाही नाही.

आणि इथे आपला जुना परिचयाचा कायदा येतो. स्पॉन्सर व्हिसाच्या अर्जात अर्जदाराला सांगावं लागतं की तुम्ही आत्ता ज्या देशात आहात तिथेच कायमचे स्थिरावू शकत नाही का. डिसेंबर २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा, ज्याचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट देतो, मुस्लिमांना देत नाही. त्यातही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच, म्हणजे २०२१ नंतर अडकलेल्यांना तसाही तो लागू नाही. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलेल्या हजारा कुटुंबाला या कायद्याने जे सांगितलं, ते त्यांच्या अर्जातलं सर्वांत भक्कम वाक्य ठरू शकतं. इथे आम्हाला जागा नाही, हे कायद्यातच लिहिलंय. ज्या कायद्याविरुद्ध आपण मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानात उभे राहिलो, तो दुसऱ्या कुणाच्या अर्जात पुरावा म्हणून वापरला जातो. शाहीनबागेच्या गप्पांत ही बाजू कधी आली नव्हती.

अर्ज भरायला बसलं की कळतं, यात सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो. छळाची कहाणी सांगायला नाही, तारखा जुळवायला. कॅनडाच्या फॉर्मसोबतच्या एका पुरवणीत मागच्या दहा वर्षांतला एकही महिना रिकामा ठेवता येत नाही. शिकत होतात, काम करत होतात, बेकार होतात, आजारी होतात, काहीही असो, पण महिना आणि वर्ष लिहा. अफगाण मुलांच्या डोक्यात तारखा असतात हिजरी शम्सी, म्हणजे सूर्यवर्षाच्या. आपल्या चांद्र हिजरीशी त्याचा संबंध लावायला जाऊ नका. तिथलं वर्ष २१ मार्चच्या आसपास नौरोजला बदलतं. काबूल पडलं ती तारीख त्यांच्या लेखी २४ असद १४००. वर्षात ६२१ मिळवायचे की ६२२ हे महिन्यावर ठरतं, आणि इथे एक चुकला की शाळा सुटण्याआधीच नोकरी लागल्यासारखं दिसतं. अधिकारी ते पाहतो आणि त्याच्या पेनाखाली रेघ येते.

मग तज़किरा, म्हणजे तिथलं ओळखपत्र. जुन्या कागदी तज़किऱ्यात जन्मतारीख नसतेच. 'अमुक साली वय इतकं' असं लिहिलेलं असतं. आडनाव बहुतेकदा नसतं, बापाचं आणि आजोबांचं नाव असतं. मग पासपोर्टवर १ जानेवारी येते आणि आडनाव म्हणून काहीतरी चिकटवलेलं असतं. आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या किती वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून आहे! मास्तरांनी शाळेत घालताना लिहून टाकलेली. २०१९-२० मध्ये मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आपण कागदपत्रांची शिबिरं घेतली, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांत 'शेख' आणि 'शैख' का वेगळं, यावर रात्री घालवल्या, नोटरीकडे प्रतिज्ञापत्रं केली. त्या भीतीने आपल्याला एक हुन्नर शिकवला. फरकाचं कारण प्रामाणिकपणे एका कागदावर लिहायचं, खोडाखोड करून फरक लपवायचा नाही. अफगाण मित्राच्या अर्जाला नेमकं हेच लागतं. पुण्या-मुंबईतली आपली मुलं हे काम कुठल्याही एजंटपेक्षा चांगलं करू शकतात.

घरच्या माणसांची यादी हा दुसरा नाजूक भाग. बरोबर येणारा असो वा नसो, नवरा-बायको आणि मुलं यांतल्या प्रत्येकाचं नाव अर्जात हवं. एखादा म्हणतो, बायको काबूलमध्येच आहे, नाव टाकलं तर अर्ज लांबेल, नंतर बोलावू. हा सल्ला एजंट सर्रास देतात. पण जे नाव लपवलं, त्याला पुढे कुटुंब म्हणून बोलावण्याचं दार कायदा जवळपास लावूनच घेतो. उलट नाव दिलं असेल, तर पहिला माणूस पोहोचल्यापासून वर्षभराच्या आत मागे राहिलेल्यांचा अर्ज त्याच प्रकरणात चालतो. एका ओळीच्या लपवालपवीने आयुष्यभराची ताटातूट होते. एखाद्याने दुसरं काही वाचलं नाही तरी ही ओळ वाचावी.

कहाणीबद्दल एवढंच, की ती त्याच्या शब्दांत असू द्या. दिल्लीत यूएनएचसीआरच्या मुलाखतीत जे सांगितलं ते, फॉर्ममध्ये लिहिलं ते आणि पुढे कॅनडाच्या अधिकाऱ्यासमोर बोललं ते एकच असलं पाहिजे. आपली मुलं उत्साहाच्या भरात इंग्रजी चमकवतात, 'धमकी आली'चं 'जीवघेणा हल्ला झाला' करून टाकतात. तसं करू नका. तुमचं विशेषण मुलाखतीच्या खोलीत त्याला एकट्याला निभवावं लागतं. फारसी-दरीचा अनुवाद जाणकाराकडून करून घ्या. उर्दू येते म्हणून दरी येते असं नाही.

कागदाच्या अभावाने काय होतं, याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण आहे. २ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आलान कुर्दी या सीरियन बाळाचं प्रेत सापडलं. लाल शर्ट घातलेलं ते छायाचित्र कुणी विसरलेलं नाही. त्याची आत्या कॅनडात राहत होती. तिने आधी आलानच्या काकांच्या कुटुंबासाठी पाच जणांच्या गटातर्फे अर्ज केला होता. धाकट्या भावाचं, म्हणजे आलानच्या वडिलांचं, नंतर बघायचं ठरलं होतं. पहिला अर्जच अपुरा म्हणून परत आला, कारण २०१२ पासून अशा गटांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्याचा अधिकृत कागद जोडावा लागे आणि तुर्कस्तानात तो मिळणं महाकठीण होतं. छायाचित्रानंतर जगभर हलकल्लोळ झाला, कॅनडाने सीरियन आणि इराकी लोकांसाठी ती अट काही काळ बाजूला ठेवली, आणि फेब्रुवारी २०१६ अखेर २५,००० सीरियन तिथे पोहोचले. त्यांतले बहुसंख्य मुस्लिम. त्यांच्यासाठी सोफे, सायकली आणि स्वेटर गोळा करणाऱ्यांत मशिदी होत्या, तशा चर्चच्या आज्याही होत्या.

प्रायोजक तीन तऱ्हांचे असतात. सरकारशी कायमचा करार असलेल्या संस्था, स्थानिक संघटना, आणि त्याच गावात राहणाऱ्या पाच नागरिकांचा किंवा कायम रहिवाशांचा गट. मान्यतेच्या कागदाची ती अट शेवटच्या दोघांना आहे, करारवाल्या संस्थांना नाही. म्हणून मित्राला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: तिकडे तुझं कोण आहे, आणि ते कोणत्या वाटेने बोलावणार आहेत?

इथे शिखांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मनमीत सिंग भुल्लर हे कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचे आमदार आणि माजी मंत्री. अफगाणिस्तानात कोंडल्या गेलेल्या शीख-हिंदू कुटुंबांना बाहेर काढण्यासाठी ते धडपडत होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये बर्फात अडकलेल्या एका गाडीवाल्याला मदत करायला ते हायवेवर थांबले आणि अपघातात गेले. घरच्यांनी त्यांच्या नावाची संस्था काढून काम पुढे नेलं आणि भारतात येऊन थांबलेल्या कितीतरी अफगाण कुटुंबांना प्रायोजक मिळवून कॅलगरीकडे नेलं. आता आपल्याकडे बघा. कोकणातल्या गावोगावच्या जमाती मुंबईत आहेत, आखातात आहेत, ब्रिटनमध्ये आहेत, केपटाउनला तर शंभर वर्षांहून जुनी कोकणी वस्ती आहे. मशिदीचा मिनार, गावची शाळा, मयतीचा खर्च, यासाठी एका फोनवर पैसे जमतात. टोरंटो आणि मिसिसागात आपली मराठी बोलणारी मुस्लिम कुटुंबं आहेत, ईदला बिर्याणीचे फोटो टाकतात. पाच घरांनी मिळून एका कुटुंबाचं एक वर्ष उचलणं त्यांना अशक्य आहे का? मदिनेत अन्सारांनी मुहाजिरांना वाटून घेतलं, एकेकाला भाऊ करून घरात नेलं, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. आणि त्याही आधी हबशाच्या ख्रिस्ती राजाने मक्केच्या मुसलमानांना आसरा दिला होता, तेही शिकवतो. म्हणून कुटुंब कोणत्या धर्माचं हे विचारण्याचं कारण नाही. तुमचा चुलतभाऊ, मामेबहीण तिकडे असेल तर हा लेख त्यांना पाठवा आणि विचारा.

यात खोटी आशा लावणं हे पाप आहे, म्हणून सध्याची हवा सांगतो. जगातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी लोकांना असं तिसऱ्या देशात वसवलं जातं. अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये वेलकम कोअर नावाने अशीच योजना सुरू केली होती. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने निर्वासितांना आणणंच थांबवलं आणि ती बुडाली. कॅनडाने ४०,००० अफगाणांना आणण्याचं आपलं वचन ऑक्टोबर २०२३ पर्यंत पूर्ण केलं, पण तुंबलेल्या अर्जांचं कारण देऊन २९ नोव्हेंबर २०२४ पासून पाच जणांच्या गटांचे आणि स्थानिक संघटनांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. करारवाल्या संस्थांची वाट सुरू राहिली, पण त्यांच्या जागा मोजक्या आणि रांग लांब. अर्ज लागल्यावरही वर्षं जातात. तेव्हा मित्राला 'होऊन जाईल यार' म्हणू नका. वाट पाहण्याची वर्षं तो इथेच काढणार आहे, आणि त्या वर्षांत तुमची गरज फॉर्मच्या दिवसापेक्षा जास्त असते.

घरमालक म्हणतो, परदेशी आहे, नको. तिथे भाडेकराराच्या आणि पोलिस पडताळणीच्या वेळी सोबत जायचं. बँक खातं अडलं तर सोबत जायचं. पासपोर्ट संपत आला तर काय, हा प्रश्न तर फार अवघड. दिल्लीतला जुना अफगाण दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाला आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासात वर्षभराने तालिबानने नेमलेला माणूस बसला. ज्यांच्या भीतीने पळालो त्यांच्याच दारात नूतनीकरणाला जायचं का, आणि गेलो तर पुढचा अधिकारी म्हणणार का की मग तुला भीती कसली? अशा वेळी स्वतःच्या मनाने काही करू नका, आधी निर्वासितांचं काम करणाऱ्या वकिलाला विचारा.

आणि मुक्कामाची मुदत. कॅनडाचा व्हिसा हातात आला तरी भारतातून बाहेर पडताना परकीय नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते. इथली नोंद तुटलेली असेल, स्टुडंट व्हिसा संपून दोन वर्षं झाली असतील, तर दंड आणि चौकशी तिथे उभी राहते आणि विमानाची तारीख निघून जाते. पुण्यात हे काम पोलिस आयुक्तालयातल्या परकीय नागरिक नोंदणी विभागात चालतं. ओळखीत कुणी अफगाण मित्र असेल, तर त्याला कॅनडाबद्दल विचारण्याआधी त्याच्या मुक्कामाच्या परवान्यावरची तारीख विचारा. ती या महिन्यात संपत असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज या महिन्यातच टाकायला हवा.